म्युझिक प्लेअर चार्ज होत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला निघालात? आधी हे वाचा

घरातल्या मोठ्या माणसांसाठी मोबाईल नको, नुसता गाणी ऐकायचा प्लेअर हवाय अशांसाठी हे लिहितेय. आणि खरं सांगायचं तर त्या सर्व्हिस सेंटरवरचा राग अजून गेला नाहीये म्हणूनही लिहितेय.

बाबा रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला जातात. काकांनी जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेलं शास्त्रीय संगीत त्यांना तेव्हा ऐकायचं असतं, पण मोबाईलवर लावलं की मधेच लोनवाल्यांचे फोन, संथ लयीतलं विलंबित जरा रंगात आलं की मेसेजचं टिंग. शेवटी म्हणाले, "अगं, मला फक्त ऐकायचंय, बाकी काही नको." म्हणून शोधायला लागले.

प्लेअर बघताना सगळे आवाज, मेमरी, स्क्रीन बघतात, मी म्हणेन पहिल्यांदा चार्जिंगचं भोक बघा. आयपॉड ॲपलने २०२२ मध्ये बंदच केला, सेकंडहँड मिळतो, पण क्लासिकला ती रुंद ३० पिनची केबल, शेवटच्या नॅनोला लाइटनिंग, आणि नंतरच्या शफलला तर हेडफोनच्याच भोकातून चार्जिंग, म्हणजे चार्जिंग चालू असताना ऐकणं बंद. सोनीच्या जुन्या वॉकमनला त्यांची स्वतःची वेगळी केबल लागते, ती हरवली की शोधत बसा, नवीन मॉडेलना मात्र टाइप सी आहे. सॅनडिस्कचा क्लिप स्पोर्ट छोटा, हलका, बटणांचा, पण मायक्रो यूएसबी, जी बाबांना उलटी सुलटी कळत नाही आणि दोन महिन्यांत पिन वाकते. अँड्रॉइडवाले टचस्क्रीन प्लेअर मी लगेच बाद केले, खिशात हात लागला की गाणं बदलतं आणि मोठ्या स्क्रीनला बॅटरी लागते ती वेगळीच.

मग एक बटणांचा, टाइप सी, कार्ड टाकता येणारा, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या मोठ्या फाईली) चालणारा आणि मुख्य म्हणजे गॅपलेस असलेला प्लेअर घेतला. गॅपलेस नक्की बघा हं, नाहीतर विलंबित संपून जलद लयीतलं द्रुत सुरू होतं तिथे फाईल बदलताना मधेच शांतता होते आणि शास्त्रीय ऐकणाऱ्याचा मूडच जातो. ऑर्डर केला, आला, कॉम्प्युटरला लावून गाणी भरली, बाबा खूश.

इथून पुढे खरी गोष्ट. बॉक्समध्ये केबल होती, चार्जर नव्हता. बाबांनी एक दिवस प्लेअर माझ्या नवीन फोनच्या चार्जरला लावला, म्हणजे दोन्ही बाजूंना टाइप सी असलेली केबल. रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी ठार बंद. वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. टोकन, मग काउंटर, मग त्या मुलाने तसाच दोन्हीकडे टाइप सी असलेला चार्जर लावला, स्क्रीन लागली नाही, आणि मिनिटभरात जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलं, 'नॉट चार्जिंग, बॅटरी डेड'. बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि कमी असते म्हणे, ती संपलीये, पैसे भरावे लागतील. तपासणीचे पैसे आधीच घेतले. मग नुसती वाट बघायची. फोन केला की "मॅडम, पार्ट यायचाय". परत केला की "सिस्टीममध्ये अपडेट आलेलं नाही". शेवटी त्यांचाच फोन आला, बॅटरी उपलब्ध नाही, आहे तसा घेऊन जा. घ्यायला गेले तर जॉबशीटवर आणखी एक ओळ वाढली होती, 'मॉइश्चर सस्पेक्टेड'. पाणी कुठून आलं? बाबा घाम पुसायला वेगळा रुमाल ठेवतात आणि प्लेअर प्लास्टिकच्या पाकिटात, इतकं जपतात ते. आणि ही ओळ साधी नाहीये, पाणी गेलं असं एकदा लिहिलं की पुढची सगळी वॉरंटी गेली. मी सही केली नाही, फक्त वस्तू परत मिळाली एवढंच लिहून दिलं. तुम्हीही तेच करा.

तिथून तडक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथे एक काका छोट्याशा टेबलावर रिपेअरिंग करतात. त्यांनी प्लेअर उघडलाच नाही. आधी विचारलं, "कोणत्या केबलने लावता?" मग केबलमधून किती व्होल्ट आणि करंट जातो ते दाखवणारा बोटाएवढा यूएसबी मीटर काढला आणि दोन्हीकडे सीवाल्या केबलला मधे लावला. मीटरची स्क्रीनच काळी. त्याच केबलला माझा फोन लावला तर मीटर लगेच पेटला, म्हणजे चार्जर आणि केबल दोन्ही ठीक. मग त्यांनी जुनी, एका बाजूला चपटी आयताकृती पिन आणि दुसऱ्या बाजूला सी, अशी केबल साध्या जुन्या चार्जरला लावली. मीटरवर ५ व्होल्ट आणि ०.४ अँपच्या आसपास आकडा आला, आणि जरा वेळाने प्लेअरवर बॅटरीचं चित्र हललं. मला तिथेच भरून आलं अक्षरशः.

त्यांनी सांगितलेलं कारण असं. दोन्हीकडे सी असेल तर चार्जर आपणहून करंट सोडतच नाही. समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर असतात, ते दिसले तरच सोडतो, दारावरची बेल वाजल्याशिवाय दार न उघडणाऱ्या माणसासारखा. काही स्वस्त प्लेअरमध्ये कंपन्या ते रेझिस्टर टाकतच नाहीत. चपट्या पिनच्या चार्जरमधून मात्र ५ व्होल्ट कायम चालू असतात, त्यामुळे तिथे चार्जिंग होतं. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती, पाणी गेलेलं नव्हतं, आणि ज्यांचं हेच काम आहे त्यांनी दुसरी केबल लावून बघायचे कष्ट घेतले नव्हते.

आता प्लेअर चालू झाला म्हणून गप्प बसता आलं असतं, पण ती पाण्याची ओळ त्यांच्या सिस्टीममध्ये होती. काकांकडूनच मीटर आणि केबल विकत घेतली आणि परत गेले. काउंटरवर उत्तर, "जॉब क्लोज झालाय, एन्ट्री बदलता येत नाही." मी म्हटलं नवीन जॉब उघडा. त्याला परत टोकन, परत फॉर्म, खरेदीचं बिल मेलवर होतं तरी प्रिंटच पाहिजे म्हणून खाली झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आले. तोपर्यंत जेवणाची सुट्टी. मी हलले नाही. मॅनेजर आल्यावर त्यांच्यासमोर टेबलावर मीटर लावला, आधी त्यांची केबल, मग माझी, आणि शांतपणे सांगितलं की पाणी गेल्याचा एक फोटो दाखवा, नाहीतर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवतेय, जॉबशीटचा फोटो माझ्याकडे आहे. फोटो नव्हताच त्यांच्याकडे. बऱ्याच वेळाने नवीन जॉबशीट निघाली, त्यावर 'टेस्टेड ओके, नो लिक्विड डॅमेज' असं लिहून शिक्का मिळाला आणि तपासणीचे पैसे परत आले. तो कागद मी फाईलला लावून ठेवलाय आणि मला त्याचा अभिमान आहे.

तर जॉबशीटवर सही करायच्या आधी त्यांना तुमच्यासमोर चपट्या पिनच्या केबलने चार्ज करून दाखवायला सांगा, आणि नीट वाचून, जे पटत नाही ते खोडून मगच सही करा. जॉबशीटचा फोटो काउंटरवरच काढा.

हो, कार्डचं राहिलं. बरेच साधे प्लेअर फॅट ३२ फॉरमॅटचंच (फॉरमॅट म्हणजे कार्डावर फाईली मांडायची पद्धत) कार्ड वाचतात आणि ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, त्यामुळे "कार्ड खराब आहे" असं दुकानदार म्हणाला तरी आधी फॉरमॅट बघा. ३२० केबीपीएस एमपीथ्री तासाला साधारण १४४ एमबी घेते, तेव्हा बाबांसारख्यांना ३२ जीबीत दोनशे तासांच्या वर गाणी मावतात, फ्लॅक असेल तर अर्थात बरीच कमी.

पॉवर बँकवर लावणार असाल तर ती मधेच आपोआप बंद होऊ शकते, कारण एवढा छोटा प्लेअर, विशेषतः चार्ज होत आला की, इतका कमी करंट घेतो की काही पॉवर बँकांना वाटतं काही लावलेलंच नाही. काही पॉवर बँकांना यासाठी लो करंट मोड असतो, बहुतेक वेळा बटण दोनदा दाबून चालू होतो, घेतानाच विचारून घ्या. आणि प्लेअर काही महिने वापरणार नसाल तर पूर्ण रिकामा करून कपाटात टाकू नका, साधारण अर्धा चार्ज करून ठेवा, लिथियम बॅटरी पार उतरलेली राहिली की खरंच मरते आणि मग कुठलीच केबल उपयोगी पडत नाही.