सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद

सोमवार, रात्री साडेअकरा

आज स्टॉपवॉच लावून बसले. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सुरू केल्यापासून टाइमलाइन समोर येईपर्यंत सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. दुपारी एका प्लगइनमुळे ते बंद पडलं, पुन्हा लावलं, तेव्हा सात बावन्न. संध्याकाळी तिसऱ्यांदा, सात पन्नास. दिवाळीच्या आधी हेच मिनिटभराच्या आत उघडत होतं.

तुळशीची लग्नं लागली आणि आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा सीझन सुरू झाला. हे आज हळदीच्या शूटला गेलेत. माझ्या टेबलावर चार लग्नं पडून आहेत. त्यातल्या एका मुलीचं सासर दुबईला, ती पुढच्या रविवारी निघतेय. तिच्या आईचा दोनदा फोन आला. "ताई, बाकीचं मागाहून द्या, पण पाठवणीचा भाग तेवढा तिला सोबत नेता येऊ दे." असं कुणी म्हटलं की उशीर करायला जीव धजत नाही.

एकदा उघडलं की सॉफ्टवेअर छान चालतं. मंगलाष्टकांचे तीन कॅमेरे एकत्र लावले तरी अडकत नाही, एक्स्पोर्टला पूर्वीइतकाच वेळ लागतो. खोळंबा फक्त दारातच. पडद्याच्या मधोमध ते चित्र येतं, खाली बारीक अक्षरांत काय काय लोड होतंय ते सरकत राहतं, आणि मग एका ओळीवर गप्प होतं.

मागच्या आठवड्यात केलेलं सगळं इथं लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा तेच करत बसेन. सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. फरक नाही. सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. फरक नाही. अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद ठेवून पाहिला, फरक नाही. मग मीडिया कॅश साफ केली. १८० जीबी जागा मोकळी झाली याचं समाधान वाटलं, पण उघडायला तेवढाच वेळ लागला. उलट प्रोजेक्ट उघडल्यावर प्रत्येक क्लिपच्या आवाजाची नक्षी नव्याने तयार व्हायला लागली आणि सगळी सकाळ त्यात गेली. कॅश म्हणजे अडगळ नव्हे, आधी करून ठेवलेलं काम असतं, हे मला माहीत होतं. घाईत विसरले.

मशीन ज्यांनी जोडून दिलं त्यांना फोन केला, तर न बघताच म्हणाले की एसएसडी बदला, रॅम दुप्पट करा, १८,००० पर्यंत जाईल. ह्यांची तयारी आहे. मला पटत नाही. काय बिघडलंय ते कळायच्या आधी पैसे टाकायचे, आणि तेही आत्ता, निम्म्या लोकांकडून ॲडव्हान्ससुद्धा यायचा असताना!

मंगळवार

आज ती सात मिनिटं मी टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून नुसती बघत बसले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

सीपीयू एक-दोन टक्के. डिस्क शून्य. रॅम निम्म्याहून जास्त मोकळी. पंख्याचा आवाजसुद्धा वाढत नाही. मशीन थकलं असतं, डिस्क हळू झाली असती, तर तिथे शंभर टक्के लाल दिसायला हवं होतं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज असतानाचे दिवस मला आठवतात. सतत कुरकुर आवाज आणि डिस्कचा आकडा शंभराला चिकटलेला. इथे तसलं काहीच नाही.

म्हणजे सॉफ्टवेअर काम करतच नाहीये. ते कुणाची तरी वाट बघत बसलंय. नवीन एसएसडी आणून ते वाट बघायचं थोडंच थांबणार? रात्री ह्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग कुणाची वाट बघतंय ते शोध." खरेदी आठवडाभर पुढे ढकलली.

बुधवार

दुपारी दीडला लाइट गेली. मशीन यूपीएसवर आहे, पण बाहेरच्या खोलीतला राउटर नाही. जेवणं व्हायची होती, लाइट कधी येईल सांगता येत नव्हतं, म्हणून प्रोजेक्ट सेव्ह करून सॉफ्टवेअर बंद केलं. लगेच आठवलं की पाठवणीच्या क्लिपवरची एक खूण करायची राहिली. आता पुन्हा आठ मिनिटं, आणि यूपीएस तेवढा टिकेल का, असं मनात म्हणत आयकॉनवर क्लिक केलं.

पन्नास सेकंदांत उघडलं.

मी तशीच बसून राहिले. बंद केलं, पुन्हा उघडलं. पन्नास. लाइट आली, राउटरचे दिवे लागले, पुन्हा लावून पाहिलं. सात पन्नास. मग मशीनच्या मागची नेटवर्कची केबल स्वतःच्या हाताने काढली. पन्नास. लावली, सात पन्नास. तीनदा करून पाहिलं, कारण एकदा झालेल्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा नाही असं मी ठरवलंय.

पहिला संशय लायसन्सवर गेला. सुरू होताना ते इंटरनेटवर तपासून येतं, तिथेच अडकत असेल. रात्री पुण्याला भाच्याला फोन लावला, तो कंपन्यांची मशीनं सांभाळतो. तो म्हणाला, "मामी, अंदाज नको लावूस. प्रोसेस मॉनिटर टाक. ते काय काय मागतंय ते सगळं दिसेल."

गुरुवार, रात्री उशिरा

सापडलं. आज सविस्तर लिहायचंय, डोळे मिटत असले तरी.

प्रोसेस मॉनिटर मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि फुकट आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्सची छोटी छोटी हत्यारं बनवायला सुरुवात केली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच घेतली आणि त्याच वर्षी हे आलं. मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम कुठली फाइल उघडतो, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) काय वाचतो, नेटवर्कवर कुठे जातो, ते एकेक ओळ करून लिहून ठेवतं. अशी वस्तू कुणीतरी बनवून सगळ्यांना मोकळी दिली याचं मला खरंच कौतुक वाटलं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा घाबरले. काही मिनिटांत लाखो ओळी. भाच्याने फोनवर बसून फिल्टर लावायला शिकवलं. आधी फक्त आपल्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ओळी ठेवायच्या. मग ड्युरेशन हा रकाना चालू करायचा. तो आपोआप दिसत नाही, कॉलमच्या यादीत जाऊन त्यावर टिक करावी लागते. मग दुसरा फिल्टर, ड्युरेशन पाच सेकंदांपेक्षा जास्त.

वीस ओळी उरल्या. लाखांतून वीस!

आणि प्रत्येकीपुढे एकवीस सेकंद. २१.०३, २१.०१, २१.०४. निकालाच्या रकान्यात सगळीकडे तेच, बॅड नेटवर्क पाथ, म्हणजे नेटवर्कवरचा रस्ताच सापडत नाही. वीस गुणिले एकवीस म्हणजे चारशे वीस सेकंद, बरोबर सात मिनिटं. वर उघडायचे नेहमीचे पन्नास. माझं स्टॉपवॉच खोटं बोलत नव्हतं.

रस्ता कुठला होता? १९२.१६८.१.२०. तो पत्ता मला पाठ आहे. आमचा नेटवर्कला जोडलेला जुना स्टोरेजचा डबा! दोन डिस्कवाला, सगळी जुनी लग्नं त्याच्यावर असायची. दिवाळीच्या आवराआवरीत त्यातला डेटा नव्या डिस्कवर घेतला आणि डबा विकला. त्याच आठवड्यात नेटवाल्यांनी नवा राउटर बसवून दिला. त्या राउटरने घरातल्या पत्त्यांची मालिकाच बदलली, १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.०. म्हणजे डबा घरात नाही, आणि तो पत्तासुद्धा आता घरातला नाही. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर हाक मारतं, ती हाक राउटरमधून बाहेर जाते आणि कुठेतरी विरून जाते. "इथे कुणी राहत नाही" असं सांगायलाही कुणी नाही.

एकवीसच का, हेही भाच्याकडून समजून घेतलं. जोडणी करताना विंडोज एकदा हाक मारतं, थांबतं, उत्तर नाही आलं तर दुप्पट वेळ थांबून पुन्हा हाक मारतं. जुन्या विंडोजचा हिशेब ३, ६ आणि १२ सेकंद असा होता, बेरीज एकवीस. आता मधले टप्पे बदललेत, पण नाद सोडून द्यायची वेळ तीच आहे. आता कुठेही काही एकवीस सेकंद अडकलं की मी आधी नेटवर्कवरची नाहीशी झालेली वस्तू शोधणार. आणि केबल काढली की लगेच का उघडायचं तेही कळलं. केबलच नसेल तर विंडोजला बाहेर रस्ता नाही हे आधीच माहीत असतं, ते थांबत नाही, तिथल्या तिथे नाही म्हणतं.

एक खूण तर माझ्या डोळ्यांसमोर होती. दिवाळीनंतर कुठल्याही प्रोग्राममध्ये फाइल उघडायची खिडकीसुद्धा अडकून अडकून यायची. त्याचा याच्याशी संबंध असेल असं मनातच आलं नाही.

शुक्रवार

दुरुस्तीला अर्धा तास लागला. वीस ओळी कुठून येत होत्या ते एकेक पाहिलं. बारा ओळी अलीकडच्या प्रोजेक्टच्या यादीच्या होत्या. सुरुवातीच्या पानावर जुन्या प्रोजेक्टची छोटी चित्रं दिसतात ना, ती दाखवायला सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल जागेवर आहे का ते बघायला जातं. ती यादी रिकामी केली. पाच ओळी लटच्या, म्हणजे क्लिपना रंगछटा देणाऱ्या तयार फाइलींच्या, फोल्डरच्या, तो रस्ता मीच दोन वर्षांपूर्वी सेटिंगमध्ये घातला होता. लट मशीनवरच कॉपी करून नवा रस्ता दिला. उरलेल्या तीन ऑटोसेव्हच्या जागेच्या. ती जागा सापडत नसल्यामुळे ऑटोसेव्ह दिवाळीपासून होतच नव्हतं! हे वाचून पोटात गोळा आला. महिनाभर चार लग्नं कुठल्याही आधाराशिवाय चालली होती. सात मिनिटांपेक्षा ही गोष्ट मोठी. आता ऑटोसेव्ह दुसऱ्या डिस्कवर, दर पाच मिनिटांनी.

शेवटी विंडोजमधला त्या डब्याचा झेड ड्राइव्ह डिस्कनेक्ट केला. त्याच्यावर लाल फुली कधीची दिसत होती.

केबल लावलेली. पन्नास सेकंद.

पाठवणीचा भाग रात्री अकराला संपवला. मुलगी गाडीत बसल्यावर काचेतून वडिलांचा हात धरते, आणि गाडी हलल्यावरही दोघं दोन पावलं हात सोडत नाहीत. तिथे मी गाणं काढून टाकलं, नुसता मांडवातला आवाज ठेवला.

रविवार

मुलीचा पेनड्राइव्ह काल दिला. आज जरा सवड मिळाली तर त्या पन्नास सेकंदांकडे वळले. सुरू होताना ते चित्र फॉन्टच्या ओळीवर बराच वेळ थांबतं हे आता डोळ्यांत भरत होतं. फॉन्टचं फोल्डर उघडलं, २,३१७ फॉन्ट!

लग्नाच्या एडिटिंगमध्ये हे सगळीकडे होतं. कुणीतरी फॉन्टची सीडी देतं, कुणीतरी फोल्डर पाठवतं, आणि सगळं निवडून इन्स्टॉल करून टाकायचं. "चि." आणि "चि. सौ. कां." लिहायला छान वळण हवं म्हणून मी स्वतः तेच केलंय. सॉफ्टवेअर सुरू होताना प्रत्येक फॉन्टची फाइल तपासतं, आणि त्यातल्या काही तर मोडक्या.

दुपारभर एकेक बघत बसले. मला हे काम फार आवडलं. प्रत्येकात तीच नावं लिहून पाहायची: ज्ञानेश्वरी, श्रीधर, ऋतुजा, शार्दूल. ज्ञानेश्वरीतला ज्ञ कुणाकडे मोडतो, श्रीधरमधला श्र कुणाकडे फाटतो, ऋतुजाच्या जागी कुठे रुतुजा होते. ल मराठी वळणाचा आहे का हेही बघितलं. निमंत्रण पत्रिकेवर एका वळणाचा ल आणि व्हिडिओत दुसऱ्या, हे मला खटकतं, घरच्या वडीलधाऱ्यांनाही खटकतं. मुक्ता आणि बलू ठेवले, ते मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेत, युनिकोड आहेत आणि जोडाक्षरं नीट येतात. असे १३० ठेवले.

जुने शिवाजी, कृतिदेव आणि त्यांच्यासारखे टाकून मात्र दिले नाहीत. ते युनिकोड नाहीत. त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात. फॉन्ट काढला की जुन्या प्रोजेक्टमधल्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिड पुंजका उरतो. कुणी पाच वर्षांनी पुन्हा कॉपी मागायला आलं तर त्यांचं नाव वाचता यायला हवं. म्हणून "जुने फॉन्ट" नावाचं वेगळं फोल्डर केलं, लागेल तेव्हा तेवढाच इन्स्टॉल करायचा.

मशीन रीस्टार्ट केलं. बावीस सेकंद.

सोमवार

संध्याकाळी तासगावच्या एका शूटवाल्या भावजींचा ह्यांना फोन आला, सीझनमध्ये आम्ही एकमेकांचे कॅमेरे वापरतो. त्यांचंही सॉफ्टवेअर पाच-सहा मिनिटं घेतंय, ते उद्या मशीन फॉरमॅटला देणार होते. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, भावजी, फॉरमॅट करू नका. आधी मागची नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि घड्याळ लावून उघडा.

दहा मिनिटांनी त्यांचा परत फोन. "वहिनी, पस्तीस सेकंदांत उघडलं. आता पुढं काय करू?"

केबल परत लावा, प्रोसेस मॉनिटर उतरवून घ्या आणि टास्क मॅनेजरमधून सॉफ्टवेअरच्या फाइलचं नेमकं नाव कागदावर लिहून ठेवा, म्हटलं. जेवणं आटोपली की फोन करते.