सहीसाठी आलेला पेपर

ऑगस्ट, शनिवार, रात्री साडेदहा

घटक चाचणीचे पेपर या आठवड्यात मुलांच्या हाती पडले. सोमवारी ते पालकांच्या सहीनिशी वर्गात परत द्यायचे. म्हणजे आज रात्री नववी-दहावीतलं मूल असलेल्या कितीतरी घरांत दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक दुमडलेला कागद आहे, आणि तो कधी बाहेर काढायचा याचा हिशोब मुलाच्या मनात चालू आहे. आई पोळ्या करत असताना? बाबा मॅच बघत असताना? की सोमवारी सकाळी, बस यायला पाच मिनिटं उरलेली असताना?

२० मार्कांचा पेपर. १८ पडले असले तर तो चपला काढायच्या आधी दाखवला जातो. ६ पडले असले, तर तो किती तासांनी बाहेर येतो ते बघावं. त्याच संध्याकाळी आला तर मार्क कमी असूनही त्या घरात बरंच काही नीट चाललंय. रविवारी रात्री झोपायच्या वेळी आला तर मध्ये काहीतरी अडलेलं आहे. आणि आलाच नाही, मुलाने आईची सही स्वतःच गिरवली, तर आपल्याला राग येतो तो फसवणुकीचा. पण पेन हातात घेण्याआधी त्या मुलाने घरातला एकेक माणूस डोळ्यांसमोर आणून पाहिलेला असतो आणि यातल्या कोणाकडेच जाता येणार नाही असं ठरवलेलं असतं. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

आईवडिलांचा मुलांवरचा प्रभाव म्हटला की आपण संस्कार, शिस्त, आदर्श असे मोठे शब्द काढतो. वय वाढतं तशी या सगळ्याची वाट अरुंद होत जाते. बारा-तेरा वर्षांनंतर मुलाचा बहुतेक दिवस घराबाहेर किंवा बंद दाराआड जातो. तिथे काय घडलं ते त्याने सांगितलं, तरच आपल्याला काही बोलता येतं, सावरता येतं.

स्वीडनमधले होकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवलं की मुलं वाहवत जात नाहीत, असं तोवर सर्रास मानलं जायचं. या दोघांनी साधा प्रश्न विचारला: पालकांना मुलांबद्दल जे माहीत असतं, ते त्यांना कळतं कुठून? पालक खोदून विचारतात त्यातून, कडक नियमांमधून, की मूल आपण होऊन सांगतं त्यातून? सगळ्यात मोठा वाटा मुलाच्या सांगण्याचा निघाला. मूल नीट राहण्याशी सगळ्यात घट्ट नातंही त्याचंच दिसलं. आता, ज्याच्याकडे लपवण्यासारखं कमी आहे तो जास्त बोलणार, हेही खरंच आहे. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. तरी एवढं नक्की, की आपण ज्याला 'लक्ष ठेवणं' म्हणतो त्यातलं बरंचसं मुलाच्या हातात असतं.

मग ते सांगणं कशाने बंद होतं?

पहिलं कारण म्हणजे सांगितल्यानंतरचं पहिलं मिनिट. ६ मार्कांचा पेपर समोर आल्यावर बहुतेक घरांत एकच क्रम ठरलेला असतो: "हे काय?", मग वर्गात सगळ्यात जास्त कोणाला, मग मोबाइल, मग क्लासची फी. या चार वाक्यांत पेपर कोणीच वाचलेला नसतो. मुलाला मात्र एक गोष्ट पक्की समजते, की लवकर सांगून काही फायदा नाही. बोलणी तेवढीच बसतात, फक्त लवकर बसतात.

माझा आग्रह असा, की आधी सही करावी. पेपर हातात घ्यायचा, मार्क बघायचे, सही करून तारीख घालायची आणि मग बोलायचं. सही म्हणजे 'मी हे पाहिलं' एवढाच त्या ओळीचा अर्थ. ती अडवून धरली की तिचं बक्षीस होतं, आणि पुढच्या वेळी मूल ती मिळवण्याच्या वेगळ्या वाटा शोधतं. सही झाली की सोमवारची भीती संपते. भीती असताना मेंदू बचाव शोधत असतो. त्या वेळी विचारलेल्या 'का'ला खरं उत्तर मिळत नाही.

पेपर वाचायला त्याच रात्री बसायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट भरलेलं असताना, वीस मिनिटं पुरतात. एका कोऱ्या कागदावर चार रकाने करायचे: प्रश्न नीट वाचला नाही, येत होतं पण लिहिताना चुकलं, वेळ पुरला नाही, मुळात समजलेलंच नाही. गेलेले १४ मार्क मुलानेच एकेक करून त्यांत मांडायचे. पेन त्याच्या हातात, आपण फक्त शेजारी. दहावीचं गणित घ्या. दोन समीकरणं एकत्र सोडवण्याच्या क्रेमरच्या पद्धतीत निश्चयकाची वजाबाकी उलटी झाली, पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना उणे तसंच राहिलं, हे दुसऱ्या रकान्यात जातं. त्याला रोजची पाच गणितं आणि उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळून पाहण्याची सवय पुरते. वर्गसमीकरणाचे अवयव पडत नसतील तर ते चौथ्या रकान्यात, आणि त्याचं मूळ आठवीत राहून गेलेलं असतं. तिथे दहावीचे आणखी सराव पेपर सोडवून घेणं म्हणजे निव्वळ छळ. 'अभ्यास कर' हे एकच वाक्य चारही रकान्यांना लागू पडत नाही. हे मुलाला माहीत असतं आणि आपल्याला नसतं, म्हणून तर ते वैतागतं.

दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे, पण आपल्या लक्षातही येत नाही. सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं? मुलीने सांगितलेलं असतं, की मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. रात्री ती गोष्ट मावशीला फोनवर सांगितली जाते, रविवारी मावशी प्रेमाने विचारते, "काय गं, भांडण मिटलं का?" आणि इथेच दार बंद होतं. किंवा मुलाने मार्चमध्ये कबूल केलेलं जुलैमधल्या भांडणात बाहेर निघतं: "तेव्हाही तू असंच केलं होतंस." कबुली एकदा हत्यार म्हणून वापरली की दुसरी कबुली मिळत नाही. कोणाला सांगायचं असेल तर आधी मुलाला विचारावं. "बाबांना मी सांगू, तू सांगशील, की दोघं मिळून सांगू?" असे तीन पर्याय ठेवले तर त्यातला एक मुलं निवडतात.

बाबांचा विषय निघालाच आहे, तर "थांब, येऊ देत बाबांना घरी" या वाक्याबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडे आई ही चाळणी असते. काय वर जाऊ द्यायचं आणि काय खालीच अडवायचं, ते ती ठरवते. हेतू चांगलाच असतो. पण या रचनेत वडिलांच्या वाट्याला फक्त निकाल देण्याचं काम येतं. पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल घरात सगळ्यात कमी माहिती त्यांना असते, आणि कमी माहिती असलेला माणूस निकाल कठोरच देतो. वडिलांनी यातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग मला दिसतो: मुलाबरोबरचं रोजचं एखादं बिनमहत्त्वाचं काम स्वतःकडे घेणं. क्लासला सोडणं, गाडी धुणं, दळण आणणं, काहीही.

मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत. शेजारी शेजारी असताना बोलतात. स्कूटरवर मागे बसल्यावर, मेथी निवडताना, कपडे घडी करताना, रात्री दिवा मालवल्यावर. डोळ्याला डोळा भिडत नाही आणि हातांना काहीतरी चाळा असतो, म्हणून सोपं जातं. अशा वेळी "आज शाळेत काय झालं?" विचारलं तर "काही नाही" येणारच, प्रश्नच तेवढा मोठा आहे. "सायन्सच्या तासाला आज प्रयोग झाला का?" याला उत्तर मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचं काहीतरी सांगणं: आज ऑफिसात हिशोब चुकला आणि साहेबांना जाऊन सांगावं लागलं. मोठ्या माणसालाही चूक कबूल करताना जड जातं आणि तरी ती करता येते, हे मुलाने आधी कुठेतरी ऐकलेलं असावं लागतं.

याची तयारी खरं तर सात-आठ वर्षांच्या वयात होते. त्या वयात मूल सगळंच सांगतं: कोणी कोणाची पेन्सिल घेतली, कोणाच्या डब्यात काय होतं, रिक्षाकाका कोणावर ओरडले. कंटाळवाणं असतं, मान्य. पण फोनवरून नजर न काढता "हं, हं" केलं की त्याला जे कळायचं ते कळतं. रोजची दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तेवढ्याने चौदाव्या वर्षी फार मोठी मदत होते.

तिसरं कारण नियमांची गर्दी. रॉचेस्टर विद्यापीठातल्या जुडिथ स्मेटाना यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं आहे. सुरक्षिततेच्या आणि दुसऱ्याला इजा होण्याच्या बाबतीत पालकांना बोलण्याचा हक्क आहे, हे किशोरवयीन मुलं बऱ्यापैकी मान्य करतात. केस, कपडे, गाणी, मैत्री या गोष्टी मात्र ती आपल्या मानतात, आणि तिथे हुकूम आला की लपवाछपवी सुरू होते. म्हणून माझ्या मते न हलणारे नियम मोजकेच ठेवावेत, आणि त्यांचं कारण एका वाक्यात सांगता यावं.

गाडीचा नियम त्यात यायलाच हवा. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर पालकांच्या संमतीने ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. रोज दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला म्हणून चावी देणारा आणि त्याच संध्याकाळी केसांवरून तासभर बोलणारा बाप मुलाला काय शिकवतो? नेमकं कुठे हटून बसायचं ते बापालाच कळत नाही, असंच मुलाला वाटतं.

दुसरा न हलणारा नियम झोपेचा. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे मुलांना दहाला झोप येत नाही. हा आळस नव्हे. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आईबाबांचेसुद्धा. 'सुद्धा' गाळला तर नियम आठवडाभरही टिकत नाही.

मुलाचा फोन चोरून तपासण्याबद्दल: दहातल्या नऊ वेळा काही सापडत नाही, पण तपासल्याचं मुलाला कळतं. मग दुसरं खातं उघडलं जातं, आणि आपल्याला माहीत असलेल्या खात्यावर फक्त सुविचार दिसतात. फोन देतानाच उघड बोलून ठरवावं: कोणती ॲप, कोणाशी बोलायचं नाही, पासवर्ड कोणाकडे, आणि कोणत्या परिस्थितीत आम्ही फोन बघू. ही परिस्थिती नेमकी सांगावी, म्हणजे धमकी, पैशांची मागणी, अनोळखी माणसाने फोटो मागणं.

आणि काही गोष्टी गुप्त ठेवता येत नाहीत, ते आधीच सांगून ठेवावं. मूल म्हणतं, "कोणाला सांगणार नाहीस ना?" तेव्हा घाईने वचन देऊ नये. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत घ्यावी लागेल, पण आधी तुला सांगूनच घेईन," एवढंच म्हणावं. कोणी शरीराला नको तसा हात लावल्याचं मुलाने सांगितलं तर तीनच वाक्यं: मला खरं वाटतंय. यात तुझी चूक नाही. बरं झालं सांगितलंस. 'तू तिथे गेलीसच कशाला' हा प्रश्न कितीही ओठांवर आला तरी गिळावा. सगळा तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते, आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार करणं मोठ्यांवर बंधनकारक आहे. जगावंसं वाटत नाही असं मूल म्हणालं, अगदी चेष्टेत म्हणालं तरी, त्याला एकटं सोडू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

हे सगळं लिहिताना पुन्हा त्या दुमडलेल्या कागदाकडेच मन जातं. सोमवारी तो शाळेत जाईल, पण दारात गणपती आहेत. आरतीनंतर मोदक वाढताना काका, आत्या, शेजारच्या आजी सगळ्यांसमोर विचारणारच: "चाचणीत किती पडले?" त्या क्षणी मूल आईबाबांकडे बघतं, आणि आईबाबा हसून "विचारूच नका" म्हणून गेले तर सकाळी त्या चार रकान्यांवर घातलेली वीस मिनिटं वाया जातात. काय उत्तर द्यायचं ते उद्याच मुलाशी बोलून ठरवावं. आकडा सांगायचा की नाही, हेसुद्धा त्यालाच विचारून. "पेपर बघितलाय आम्ही, काम चालू आहे," एवढं म्हणून ताट पुढे केलं की आत्याही बहुधा पुढचं काही विचारत नाहीत.