वहिनीची गुलाबी आंबुशी

परवा वहिनीने फॅमिली ग्रुपवर कुंडीचा फोटो टाकला, खाली लिहिलेलं "आंबुशी आलीय, चटणी करू का?" बदामासारखी तीन-तीन पानं बघून सगळ्यांनी धडाधड अंगठे दिले पण फूल गुलाबी होतं हो! मी लगेच फोन केला, म्हटलं वहिनी थांबा, आधी एक रोप उपटून खाली काय आहे ते बघा. खाली कांदा, आणि त्याला चिकटून बारीक बारीक कांद्यांची पिल्लावळ.

म्हणजे ही आपली आंबुशी नाही, तिची अमेरिका खंडातून आलेली चुलत बहीण, ऑक्झॅलिस डेबिलिस. पानं माशाच्या शेपटीसारखी त्रिकोणी असती तर मी तिची दुसरी चुलत बहीण, ऑक्झॅलिस लॅटिफोलिया म्हटलं असतं, ही गोलसर होती. एकदा कुंडीत घुसली की माती चाळल्याशिवाय जात नाही, वर वर उपटून काहीच होत नाही कारण पिल्लं मातीतच राहतात.

आपली आंबुशी म्हणजे ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा, आयुर्वेदातली चांगेरी. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, जेमतेम नखाएवढं. कांदा नाही, खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेरातून मुळं सोडतं. कॉर्निक्युलाटा म्हणजे छोटी शिंगं असलेली, आणि शेंगा बघितल्या की पटतं, पाच धारांच्या, भेंडीच्या पिल्लासारख्या ताठ उभ्या. पिकलेल्या शेंगेला बोट लावून बघा, बियांवरचं ताणलेलं आवरण झटकन उलटतं आणि बिया तडतड उडतात (माझा चष्मा साक्षीला आहे).

लॉनमध्ये रानमेथीशी गल्लत होते, तीन पानं तिचीही, पण फूल वाटाण्यासारखं आणि पान चावलं तर आंबट लागत नाही. आंबुशीचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा, म्हणूनच आई तिचा पाला चोळून तांब्याची भांडी लख्ख करायची. चटणी बेताने खायची, किडनीस्टोनवाल्यांनी तर नकोच.

मी मात्र पहिल्यांदा आंबुशी शोधायला ताम्हिणीला गेलेलो! तिथे दिवसभर फिरून लाजरी सापडली, बायोफायटम, ही पण आंबुशीच्याच कुळातली, इवल्याशा माडासारखी दिसते. आणि आंबुशी? परत आलो तर आमच्याच सोसायटीत गळक्या नळाखाली फरशीच्या फटीत. तिला माणसाचीच वस्ती आवडते, मोरीची कड, नर्सरीची पिशवी, जिथे ओल तिथे ती.

आता तो नळ दुरुस्त करायचं चाललंय. मी सेक्रेटरींना म्हटलं पावसाळ्यानंतर करा, कारण त्या पाल्यावर पेल ग्रास ब्लू फुलपाखराच्या अळ्या आहेत. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.