नाल्यातले रंग : दगड आतून काय म्हणतो

नाल्यातल्या दगडांच्या माझ्या यंदाच्या वहीत 'लाल दगड' एवढंच लिहून मोकळं होणं बंद केलं आहे. आता प्रत्येक रंगापुढे एक अक्षर असतं. 'आ' म्हणजे रंग आतपर्यंत आहे, 'व' म्हणजे वरून ओघळून बसला आहे.

ही खोड अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीने लावली. तिथल्या 'रेडवॉल' चुनखडकाचा उभा लाल कडा जवळपास प्रत्येक फोटोत असतो, पण तो खडक ताजा तोडला की राखाडी निघतो. वरच्या सुपाई आणि हर्मिट थरांतलं लोह पाण्याबरोबर उतरून त्याच्यावर चढलं आहे. एवढा नावाजलेला लाल उसना, मग आपल्या वर्धा खोऱ्यातल्या लालाची खात्री कशी धरायची?

वरोरा-भद्रावती पट्ट्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांची वाळू. ग्रँड कॅन्यनसारख्या वाळवंटी भागात फारशी माती-झाडोरा नसल्याने अख्खी दरी उघडी पडते. इथे माती आणि रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं सगळं झाकून टाकतात, म्हणून नाल्याची कापलेली दरडच काय ती कामाची, तीही उन्हाळ्यात. पहाटे निघतो, पण पुरतं उजाडल्याशिवाय नाल्यात उतरत नाही. वाघाचा मुलूख आहे.

दरडीला हातोडी लावायची नाही, पायथ्याशी पडलेला तुकडा फोडायचा. या खेपेच्या दरडीत वर कडक, लोहाने भरलेला लाल पट्टा होता आणि खाली लाल ओघळांचा जाड थर. खालचा तुकडा फोडला तर नखाएवढी लाल साल, आत पांढुरकी वाळू. 'व'. त्याच्या शेजारचा पिवळा मात्र गाभ्यापर्यंत पिवळा.

एक गुराखी बराच वेळ बघत होता. "काय भेटते जी यात?" रंग बघतो म्हटल्यावर म्हणाला, "मंग पोळ्याले गेरू इथूनच न्या ना जी, दुकानात कायले पैसे घालता?"

गेरूवरून सुचलं म्हणून पिवळे खडे घरी चुलीच्या निखाऱ्यात घातले. लाल झाले. पिवळा रंग गोएथाइट या लोहखनिजाचा. तापल्यावर त्यातलं पाणी जातं आणि हेमॅटाइट उरतं, तोच गेरूचा लाल. वीटभट्टीतून पिवळट माती लाल होऊन निघते, तिथेही हेच घडत असतं. या हंगामातली माझी सगळ्यात आवडती नोंद हीच.

फोटोबद्दल थोडंसं. दगड कोरडाच टिपा, ओला केला की रंग खोटा गडद येतो. शेजारी पांढरा कागद ठेवला तर मोबाइलने बिघडवलेला रंग नंतर ताळ्यावर आणता येतो.

पाऊस लागायच्या आत मुकुटबनकडचा पैनगंगा चुनखडक बघायचा आहे. तो कामठीपेक्षा कितीतरी जुना. येणाऱ्यांनी दुपट्टा आणि भरपूर पाणी आणावं, हातोडी माझ्याकडे आहे.