हात्सुदाईला ताकेमित्सु ऐकायला जाताना

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनात 'केइओ लाइन'ची पाटी दिसली की पाय तिकडे वळतात आणि तिथेच चुकतं. त्या फलाटांवरच्या गाड्या हात्सुदाई गाळून पुढे सासाझुकाला जातात. हवी ती 'केइओ न्यू लाइन'. तिचे फलाट वेगळे, पहिलंच स्टेशन हात्सुदाई. संध्याकाळच्या त्या गर्दीत शोधाशोध नको वाटते, अर्धा तास हाताशी ठेवा.

हात्सुदाईच्या ऑपेरा सिटीतलं सभागृह जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सु (1930–1996) यांच्या स्मृतीला वाहिलेलं आहे. 1,632 खुर्च्या, ओकचं लाकूड, पिरॅमिडसारखं निमुळतं छत. 1997 साली ते उघडलं तेव्हा ताकेमित्सु नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांचंच 'नोव्हेंबर स्टेप्स' होतं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या 125व्या वर्षासाठी 1967 साली लिहिलेलं, पहिल्यांदा सेइजी ओझावांनी संचालित केलेलं. तंतुवाद्यं डावी-उजवी विभागलेली, मधे बिवा (पडद्यांचं जपानी तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची बासरी). म्हणून तिकीट खालच्या मजल्यावर मधोमधचं घ्या. बाजूच्या सज्जात एक गट फार जवळ येतो आणि दोन्हींमधलं अंतर ऐकूच येत नाही.

बिवाची तार छेडली की स्वराभोवती एक झणझण उठते. तिला 'सावारी' म्हणतात. तार पडद्याच्या रुंद माथ्याला जेमतेम घासते, त्यातून ती येते. तंबोऱ्याच्या जवारीवर कान तयार झालेल्यांना हे सांगावं लागणार नाही. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून जे साधतो, तेच इथे प्रत्येक पडद्यावर करावं लागतं. माथा झिजून तार जास्त टेकली तर स्वर खरखरतो, टेकलीच नाही तर कोरडा पडतो. मग पुन्हा तासायचं. तंबोऱ्यात सुताचा धागा सरकवून भागतं, इथे ती सोय नाही.

ताकेमित्सुंना हा 'अशुद्ध' स्वरच हवा होता. तो त्यांनी आधी चित्रपटांत आजमावला: दिग्दर्शक कोबायाशींच्या 'हाराकिरी'त (1962) बिवा आहे, 'क्वाइदान'मध्ये त्सुरुता किन्शींची. त्याच त्सुरुता पुढे योकोयामा कात्सुयांच्या शाकुहाचीसोबत न्यूयॉर्कच्या मंचावर बसल्या. 'नोव्हेंबर स्टेप्स'च्या शेवटाकडे वाद्यवृंद थांबतो आणि ही दोनच वाद्यं बराच वेळ बोलतात. शाकुहाचीत फुंकर स्वराइतकीच महत्त्वाची, आणि ती शांततेत विरताना ऐकायची असते. त्या वेळी खोकल्याची गोळी उघडणारे माझ्या दृष्टीने अक्षम्य. वेष्टन आधीच काढून ठेवा.