गुडघ्यांशी बोलणारा ॲम्प

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा तीन तास गिटारचे ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्या, वाजवून बघण्यात गेले आणि मी हात हलवत परत आलो. दुकानातला मुलगा बिचारा सभ्य. चौथ्या खेपेलाही त्याने "घेणार आहात ना?" असं विचारलं नाही.

खोट माझ्यातच आहे. मनात एक चित्र घट्ट बसलंय: मागे स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट, त्यावर १०० वॉटचं हेड (ॲम्पचा वेगळा डबा), पुढे मी. प्रत्यक्षात मी वाजवतो ते रात्री, दार लावून, पलंगाच्या कडेला बसून. ना ड्रमर, ना मंच. ते अवाढव्य ॲम्प जन्मले वेगळ्याच गरजेतून. १९६०च्या दशकात सभागृहातले माईक बहुतेक गाणाऱ्यांपुरते असत; गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची ती ॲम्पनेच. व्हॉक्स कंपनीचा १५ वॉटचा एसी-१५ पुरेना म्हणून एसी-३० आला, आणि मार्शल कंपनी तर १०० वॉटपर्यंत गेली. ती त्यांची अडचण होती. माझी अडचण म्हणजे पलीकडच्या खोलीत झोपलेली माणसं.

दुपारी कागद घेऊन हिशेब मांडला. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या ॲम्पपेक्षा दुप्पटच मोठा वाटणार, बाकी सगळं वजन. दुसरीकडे, १ वॉटला ९७ डेसिबल देणारा स्पीकर असेल तर ५ वॉटला एका मीटरवर १०४ डेसिबल होतात. पाच वॉट! घर उठवायला पुष्कळ झाले.

तरी आज ५० वॉटच्या ट्यूब ॲम्पपुढे, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्पपुढे, उभा राहिलोच. मास्टर व्हॉल्यूम एकवर असताना सूर कागदासारखा पातळ. थोडा कानाचाही दोष, हळू आवाजात खर्ज आपल्याला कमीच ऐकू येतो. पण मुख्य म्हणजे स्पीकरला जोर देणाऱ्या पॉवर ट्यूबना ताण पडल्यावर जो सूर कडेने विरघळू लागतो, तो एकवर कुठून येणार? तीनवर आला. तीनवर दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग त्या मुलाने गंमत केली. म्हणाला, पाठ करून उभे राहा, मी केबल एका ॲम्पमधून दुसऱ्यात बदलत राहतो. तीन ॲम्प झाले. दुसरा ऐकून मी छातीठोकपणे म्हणालो, हाच ट्यूबचा. निघाला मॉडेलिंगवाला, म्हणजे ट्यूबच्या सुराची डिजिटल नक्कल करणारा, आत एकही ट्यूब नाही. इतकी वर्षं ट्रान्झिस्टरला नावं ठेवत आलो, त्यातली निम्मी तरी परत घ्यायला हवीत. (रोलंड कंपनीचा जेसी-१२० हा ॲम्प ट्रान्झिस्टरवर चालतो, १९७५पासून लोक त्याच्या स्वच्छ सुरासाठी तो घेतात, हे मला ठाऊक होतं. तरीही. शिवाय तो २८ किलोचा, जिन्यावरून कोण नेणार?)

खरी फजिती मात्र निघताना झाली. बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो, आणि मागून कुणीतरी तोच ॲम्प वाजवत होतं जो मला उभ्याने मऊ, गोड वाटला होता. कान स्पीकरच्या समोर आला तसा ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, सुईसारखा घुसला. गिटारच्या स्पीकरमधून हे वरच्या पट्टीचे स्वर झोतासारखे सरळ पुढे जातात, बाजूला फारसे पसरत नाहीत. ॲम्प जमिनीवर आणि माणूस उभा असला की तो झोत गुडघ्यांवर आदळतो, नि वरच्या कानाला उरलेलं गोड गोड मिळतं. महिनाभर मी उभ्याने ट्रेबल वाढवून, उभ्याने निवड करत होतो. आणि घरी मी बसून वाजवतो! घरी आणला असता तर दोन दिवसांत ॲम्पलाच दोष दिला असता.

म्हणजे चारही खेपांच्या नोंदी बाद. ५० वॉटवाल्यावर मारलेली फुली तेवढी राहू दे, ती आवाजामुळे होती.

आता उरलेत दोन. एक ५ वॉटचा ट्यूबचा, आणि तो दुसरा, ज्याने मला फसवलं. मन पहिल्याकडे ओढतंय, कान दुसऱ्याकडे. शनिवारी स्वतःची गिटार नेणार, आणि बरोबर स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल. हसले तर हसू देत.