पायावरचा काळा डाग आणि फुगलेल्या शिरा : माझा अनुभव

म्हापशात बाजाराजवळ आमचा छोटासा टी-स्टॉल आहे. पहाटे साडेपाचपासून पातळभाजी, सुकी भाजी, मिरच्या, उंडे. सतरा वर्षं झाली मी त्याच ओट्यापाशी उभी आहे, स्टूल आहे एक पण त्यावर कायम कांद्याची परात असते. डाव्या मांडीपासून पोटरीपर्यंत आतल्या बाजूने निळ्या शिरा फुगून गाठीगाठी झालेल्या, दुसऱ्या बाळंतपणापासूनच, पण दुखत नव्हत्या म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी पाय जड व्हायचे, चपलेचा पट्टा रुतायचा, रात्री पोटरीत गोळा यायचा, मला वाटायचं एवढं उभं राहिल्यावर होणारच.

मग घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूला खाज सुटायला लागली. चामडी आधी तांबूस, मग काळपट झाली, हात लावला की कडक लागायची. एका डॉक्टरांनी एक्झिमा म्हणून मलम दिलं, ते मी आठ महिने लावलं. खाज थांबायची, परत यायची. चवथीच्या आधी नेवऱ्या तळताना नकळत खाजवलं आणि चण्याच्या डाळीएवढी जखम झाली, ती दोन महिने भरेचना. आणि मी घाबरले, कारण माझ्या आईला अगदी त्याच जागी जखम होती, वर्षानुवर्षं ती जुन्या साडीच्या पट्ट्या बांधून फिरायची, ती जखम शिरांमुळे होती हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

माझी मावसबहीण नर्स आहे. तिने पाय बघितला आणि म्हणाली, "ताई, हे चामडीचं नाही गो, शिरांचं आहे. आधी डॉपलर कर."

पणजीला व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी पावलांची नाडी तपासली आणि मग डॉपलर. ही सोनोग्राफीच, पण उभं राहून करतात, हे महत्त्वाचं, कारण शिरांतल्या झडपा, म्हणजे रक्त खाली परत येऊ न देणारी बारीक दारं, नीट मिटतात की नाही ते उभं असतानाच कळतं. जेल लावून पोटरी दाबली की रक्त वर जाताना स्क्रीनवर एक रंग, सोडली की तिथेच थांबायला हवं. माझं सोडल्याबरोबर दुसरा रंग, सगळं रक्त खाली परत. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप निकामी धरतात. डॉक्टरांनी समजावलं की पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचा स्नायू करतो, आपण चालतो तेव्हा. नुसतं उभं राहिलं की तो पंप बंद. झडपा गळक्या असतील तर रक्त खाली साचतं, दाब वाढून घोट्याजवळ झिरपतं, त्यातल्या लोहाने चामडी काळी पडते आणि शेवटी फुटते. आठ महिने मलम लावून काय होणार होतं!

पूर्वी म्हणे जखम भरेपर्यंत थांबायचे, पण २०१८ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की खराब शीर लवकर बंद केली तर जखमही लवकर भरते. म्हणून माझी लेझर, म्हणजे शीर आतून उष्णतेने बंद करायची, लगेच ठरली. गुडघ्याजवळ सुई घालून बारीक तार जांघेपर्यंत नेतात, शिरेभोवती भूल मिसळलेलं थंड पाणी भरतात, त्या सुया तेवढ्या टोचतात, बाकी काही नाही. तासाभरात मी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले, चालायलाच सांगतात, झोपून राहायचं नाही. पुढचे दोन आठवडे मांडीत दोरी ओढल्यासारखं वाटत होतं. आठवड्याने परत डॉपलर, आत गुठळी झाली नाही ना ते बघायला. खालच्या छोट्या शिरा बंद करायला नंतर फोमचं, म्हणजे फेसासारख्या औषधाचं इंजेक्शन. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून हे मीही विचारलं, तर पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतूनच वर जातं आणि त्या माझ्या चांगल्या होत्या.

खरी कसोटी स्टॉकिंगची, म्हणजे पायाला दाब देणाऱ्या घट्ट लांब मोज्याची. ते सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी घालायचं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढलं की नीट चढतं, नाहीतर अर्धा तास झटापट. पावसात वाळत नाही म्हणून दोन जोड घेतले. पण मनाने दुकानातून आणू नका, पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर ते घट्ट स्टॉकिंग घातक ठरतं, नाडी तपासतात ती त्यासाठीच.

आता ओट्यापाशी दर थोड्या वेळाने टाचा वर-खाली करते, दुपारी भिंतीला पाय टेकवून पडते. आणखी एक, फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर उभं राहू नका, आडवं व्हा, पाय वर करा, फडक्याने घट्ट दाबून धरा आणि डॉक्टर गाठा. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा, आत गुठळी असू शकते. त्यात धाप लागली तर थेट इमर्जन्सी.

माझी जखम सात आठवड्यांनी भरली. डाग आहे, तो पूर्ण जात नाही म्हणाले, आणि शिरा परत दुसरीकडे फुगू शकतात म्हणून तपासणी चालूच ठेवायची. आमच्याकडे चहाला येणाऱ्या भाजीवाल्या मावशींच्या घोट्यावर परवा मला तसाच डाग दिसला. शुक्रवारी बाजार असतो, त्या येणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, मीच सोबत जाणार आहे.